मासे झोपतात तेव्हा कोण जागे असते?

रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी धरायला जाणाऱ्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही, की दिवसाचे शेत वेगळे आणि रात्रीचे शेत वेगळे. दिवसा बांधावर दिसणारी साळुंकी, सरडा, मुंगूस ही मंडळी अंधार पडला की कोठे जातात ते कळत नाही. त्यांच्या जागी घुबड, वटवाघूळ, साळिंदर, रानडुक्कर आणि नको त्या वेळी पायाखाली येणारा साप हजर असतो. जागा तीच, राबता मात्र सगळा बदललेला. समुद्राच्या तळाशी प्रवाळाचे जे रान असते तेथेही दररोज संध्याकाळी अशीच पाळी बदलते. फरक एवढाच, की तेथे गिरणीसारखा भोंगा वाजत नाही.

प्रवाळ म्हणजे पोवळे. अंगठीत बसवतात ते तांबडे पोवळे हा याच गणगोतातला एक प्रकार. प्रवाळ दिसते झाडासारखे किंवा दगडासारखे, पण तो प्राणी आहे. तांदळाच्या दाण्याएवढे किंवा त्याहून थोडे मोठे असे हजारो जीव एकमेकांस चिकटून राहतात आणि आपल्या अंगाखाली चुन्याचे घर बांधीत जातात. पिढ्यान् पिढ्या हे बांधकाम चालले की त्याचा खडक होतो. लक्षद्वीप, अंदमान-निकोबार, मन्नारचे आखात आणि कच्छचे आखात ही आपल्या देशातील प्रवाळाची मोठी ठिकाणे. आपल्या कोकणातही मालवणजवळ सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहे, आणि १९८७ साली त्या भागाला सागरी अभयारण्य म्हणून जाहीर करण्यात आले. विजयदुर्गपासून पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरवर भर समुद्रात पाण्याखाली एक पठार आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून त्याला आंग्रिया बँक म्हणतात. तेथेही प्रवाळाची वसाहत आहे.

ही सारी दुनिया घरात काचेच्या टाकीत आणून ठेवण्याचा छंद आता शहरांत बराच पसरला आहे. मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले तेव्हा समुद्रातले रंगीत मासे पाहण्यासाठी लोक तेथे रांगा लावीत. खेड्यापाड्यांतल्या शाळांच्या सहलीही तेथे जात. आज मध्यमवर्गीयाच्या बैठकीच्या खोलीत तसलीच टाकी दिसू शकते. माझ्या बहिणीच्या मुलाची पुण्यात अशी एक टाकी आहे. चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. म्हणजे सव्वाचारशे ते साडेचारशे लिटर पाणी. एका प्रशिक्षण वर्गासाठी चार रात्री त्याच्याकडे मुक्काम पडला. वर्गात दिवसभर माती परीक्षण ऐकायचे आणि रात्री या टाकीपुढे पाट टाकून बसायचे असा माझा क्रम होता. बहीण म्हणाली, "दादा, दूरदर्शन सोडून तू हे काय बघत बसलास?" पण तिसऱ्या रात्री तीही पदर खोचून शेजारी येऊन बसली.

एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. समुद्रातले कठीण प्रवाळ, समुद्रपंखे, घोडामासे वगैरे जीवांना आपल्याकडे २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वाघाच्या बरोबरीचे संरक्षण आहे. मालवणच्या किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून पिशवीत टाकणे हा गुन्हा आहे, आणि "साहेब, सगळे विकतात" हे उत्तर तेथे चालत नाही. भाच्याच्या टाकीत आहेत ते मऊ जातीचे प्रवाळ, आणि मासे बरेचसे उबवणी केंद्रात जन्मलेले. कठीण प्रवाळाविषयी पुढे जे लिहिले आहे ते समुद्रात आणि मोठ्या मत्स्यालयांत पाहणाऱ्यांनी नोंदून ठेवलेले आहे.

दिवे मालवताना

टाकीवरचे दिवे एकदम विझत नाहीत. घड्याळाला जोडलेले यंत्र तासाभरात पांढरा उजेड कमी करीत निळ्यावर आणते आणि मग अंधार करते. "मामा, खोलीतला दिवा फटकन लावू नका हं," असे भाच्याने पहिल्याच दिवशी बजावले. कारण अंधारात निवांत असलेल्या माशावर अचानक उजेड पडला की तो बिथरतो, काचेवर आपटतो, नाही तर सरळ उडी मारून टाकीबाहेर पडतो. म्हणून टाकीवर बारीक जाळी ताणलेली असते. पाहावयाचे असेल तर विजेरीवर तांबडा जिलेटिन कागद बांधावा. पाण्यात तांबडा उजेड फार खोल पोचत नाही, त्यामुळे यांपैकी बहुतेक जीवांच्या डोळ्यांना तो रंग ओळखीचाच नसतो.

उजेड निळा होऊ लागला की प्रत्येक मासा आपापल्या बिछान्याकडे निघतो. गुरे जशी दावणीला आपापल्या जागी जाऊन उभी राहतात तसेच. पिवळा टँग नावाचा हळदीसारखा पिवळा मासा दिवसभर दगडावरचे शेवाळ खात हिंडतो. तो दोन दगडांच्या फटीत शिरतो आणि पाहता पाहता त्याचा रंग उतरतो. अंगावर मळकट तपकिरी छटा येते आणि मधोमध एक पांढरा पट्टा उमटतो. प्रथमच पाहणाऱ्याला वाटावे, मासा आजारी पडला. तो आजारी नसतो. रात्रीचे कपडे घातलेले असतात एवढेच. उजेड आला की थोड्याच वेळात पुन्हा हळद.

रॅस जातीच्या माशांची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांतला एक पिवळा रॅस दिवे कमी होताच वाळूत डोके खुपसतो, शेपटीला दोन झटके देतो आणि दिसेनासा होतो. सकाळपर्यंत तो वाळूच्या पांघरुणाखाली. नवीन छंदिष्ट मासा हरवला म्हणून टाकी उपसायला निघतात. गोबी नावाचा एक लहानसा मासा आहे, आपल्या कोकणातल्या निवट्यांच्या नात्यातला. तो एका कोळंबीबरोबर एकाच बिळात राहतो. कोळंबीला जवळजवळ दिसतच नाही, पण बीळ खणण्यात ती पटाईत. गोब्याला डोळे चांगले, पण खणता येत नाही. दिवसभर कोळंबी खणून वाळू बाहेर टाकते आणि आपली मिशी गोब्याच्या अंगाला लावून ठेवते. धोका दिसला की गोबी शेपटी हलवतो आणि दोघेही आत. अर्धेलीने जमीन करणाऱ्यांतसुद्धा इतका समजूतदारपणा क्वचित दिसतो! संध्याकाळी दोघे आत जातात आणि बिळाचे तोंड बहुधा वाळूने बुजलेले दिसते.

समुद्रात या वेळी काय होते याचा बारीक अभ्यास १९७० च्या सुमारास अमेरिकेतील एडमंड हॉब्सन या शास्त्रज्ञाने हवाई बेटांजवळ पाण्यात बुड्या मारून केला. दिवसाचे मासे लपून झाले आहेत आणि रात्रीचे अजून बाहेर पडलेले नाहीत अशी पंधरा-वीस मिनिटे सूर्यास्तानंतर येतात, असे त्याला आढळले. त्या वेळी प्रवाळावर सगळे सामसूम. ही वेळ मोठ्या शिकारी माशांची. वर अजून थोडा उजेड असतो, तेव्हा वरून पोहणाऱ्या माशाची आकृती खालून स्पष्ट दिसते, आणि खालचा शिकारी मात्र वरच्याला दिसत नाही. आपल्याकडे तिन्हीसांजेला कोंबड्या खुराड्यात घालण्याची घाई करतात, तसाच हा प्रकार.

माशाची मच्छरदाणी

पोपट मासा घरच्या टाकीत मावत नाही. तो लक्षद्वीपच्या समुद्रात किंवा मोठ्या मत्स्यालयात पाहावा. त्याचे दात चोचीसारखे जुळलेले असतात आणि तो प्रवाळाचा खडक कुरतडून त्यातले शेवाळ खातो. न पचलेला चुना वाळू होऊन मागून पडतो. पांढऱ्या वाळूच्या ज्या किनाऱ्यांची चित्रे कॅलेंडरवर असतात त्यांतली बरीच वाळू या माशाच्या पोटातून आलेली आहे.

या माशाच्या काही जाती झोपण्यापूर्वी कल्ल्यांजवळच्या ग्रंथींतून चिकट स्राव सोडतात आणि त्याची पारदर्शक पिशवी अंगाभोवती करून तीत झोपतात. हे काम रोज रात्री नव्याने करावे लागते. पिशवी कशासाठी, यावर बरीच वर्षे तर्क चालले होते. वास दाबला जावा व मोरे नावाच्या सापासारख्या शिकारी माशाला पत्ता लागू नये, असे काही जण म्हणत. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड विद्यापीठाच्या अलेक्झांड्रा ग्रटर आणि सहकाऱ्यांनी रात्री झोपलेल्या माशांच्या पिशव्या अलगद काढून घेतल्या, माशांना जागही येऊ दिली नाही, आणि मग त्यांच्यावर रक्त पिणारे बारीक किडे सोडले. हे किडे म्हणजे समुद्रातले गोचीडच समजा. पिशवी नसलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मासे चावले गेले. पिशवीतल्यांपैकी फक्त दहा टक्क्यांच्या आसपास. हे संशोधन २०१०-११ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यांनी आपल्या लेखाच्या नावातच या पिशवीला समुद्रातली मच्छरदाणी म्हटले आहे. भाच्याच्या टाकीत सहा रेघांचा एक छोटा रॅस आहे, तोही अशीच पिशवी करतो. तांबड्या उजेडात ती दिसत नाही. तिच्यावर बसलेले धुळीचे कण दिसतात, त्यावरून ओळखायचे.

आता मासा झोपतो म्हणजे नेमके काय, हा प्रश्न बहिणीने विचारला. माशाला पापण्या नसतात, तेव्हा डोळे उघडेच राहतात. पण हालचाल थांबते, श्वास मंदावतो, हात जवळ नेला तरी चटकन दाद मिळत नाही, आणि झोप मोडत राहिली तर पुढे ती भरून काढली जाते. २०१९ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात झेब्रा माशाच्या पारदर्शक पिलांच्या मेंदूचे निरीक्षण झाले, तेव्हा आपल्या झोपेत मेंदूत जसे चढउतार होतात त्यांच्याशी जुळणारे चढउतार त्या एवढ्याशा जीवातही दिसले.

रात्रपाळीची मंडळी

अंधार होऊन अर्धा-पाऊण तास झाला की दुसरी पाळी कामावर येते. मोठ्या डोळ्यांचे कार्डिनल मासे फटींतून बाहेर येऊन पाण्याच्या मधल्या थरात तरंगू लागतात. वाळूतून धुळीच्या कणांसारखे असंख्य बारीक जीव वर येतात, आणि हे मासे ते टिपतात. दगडाखालून साप हलावेत तसे दोन-तीन हात बाहेर येतात. तो लवचीक हातांचा तारामासा. दिवसभर त्याचा पत्ता नसतो. गोगलगाई काचेवर चढून शेवाळ चरतात. सकाळी काचेवर त्यांच्या चरण्याच्या वाटा उमटलेल्या दिसतात, पाणंदीत गाड्याची चाकोरी उमटावी तशा.

केसाळ अंगाचा एक लांबट किडा याच वेळी बाहेर पडतो. तो आपल्या गांडुळाच्या वर्गातला. पुष्कळ छंदिष्टांना त्याची किळस येते आणि ते त्याला चिमट्याने काढून फेकतात. मला विचाराल तर हा वेडेपणा आहे. माशांचे उरलेले खाद्य, मेलेली गोगलगाय, साचलेली घाण हा किडा रातोरात साफ करतो आणि वाळू सैल ठेवतो. गांडूळ जमिनीत करते तेच काम. मात्र उघड्या हाताने धरू नये. खाजकुयलीसारखी त्याची लव बोटांत मोडून बसते. गुंडीच्या आकाराच्या काही मऊ प्रवाळांतही जहाल विष असते, त्यामुळे टाकीत हात घालताना रबरी मोजे घातलेले बरे आणि त्यातला दगड गरम पाण्यात उकळून धुण्याचे धाडस तर कधीच करू नये. त्याच्या वाफेने माणसे रुग्णालयात गेलेली आहेत.

रात्री टाकीतून मधूनच "टक्" असा आवाज येतो. पहिल्या रात्री मला वाटले, काचेला तडा गेला. ती होती गोब्याच्या बिळातली पिस्तूल कोळंबी. तिची एक नांगी दुसरीपेक्षा मोठी असते. ती इतक्या वेगाने मिटते की पाण्याचा झोत उडून त्यात एक बुडबुडा तयार होतो, आणि हा बुडबुडा फुटताना आवाज होतो. नांग्या आपटल्याचा हा आवाज आहे असे पूर्वी मानीत; तो बुडबुड्याचा आहे हे २००० साली सिद्ध झाले. त्या धक्क्याने लहान भक्ष्य बधिर होते. समुद्रात अशा कोळंब्या लाखोंनी असतात आणि त्यांचा तडतडाट ओली फाटी जळावीत तसा ऐकू येतो. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांचा आवाज ऐकण्याच्या यंत्रांना या तडतडाटाने फार त्रास दिला होता.

आणि प्रवाळ? त्यांच्यात दोन तट पडतात. आपल्याकडे शिरीष, चिंच, आवळा रात्री पाने मिटतात आणि रातराणी त्याच वेळी उमलते, तसे हे आहे. भाच्याच्या टाकीतली गुंडीसारखी मऊ प्रवाळे दिवे गेले की मिटतात. उलट समुद्रातले पुष्कळ कठीण प्रवाळ दिवसा अंग चोरून असतात आणि रात्री लांब, पारदर्शक मिशा पसरून वाहत येणारे बारीक जीव पकडतात. मिशांवर विषारी डंखांच्या सूक्ष्म कुप्या असतात. काही जाती रात्री यांहूनही लांब अशा खास मिशा बाहेर काढतात. त्या भक्ष्यासाठी नसून शेजाऱ्यासाठी असतात. शेजारचे प्रवाळ वाढत आपल्या हद्दीत आले की त्याला डंख मारून मागे हटवायचे. दिवसा दोन्ही वसाहती शांत दिसतात, आणि सकाळी एकीच्या कडेला पांढरा मेलेला पट्टा दिसतो. बांध कोरण्याची सवय माणसालाच आहे असे नाही.

पहाटेचा प्राणवायू

आता ज्यासाठी मी हा लेख लिहावयास घेतला त्याकडे येतो. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते. दिवसा ते उन्हात अन्न बनवते, त्यातला मोठा भाग यजमानाला देते आणि प्राणवायू सोडते. रात्री उजेड नाही, म्हणून अन्न बनणे बंद. पण श्वास मात्र सगळ्यांचाच चालू. प्रवाळ, शैवाल, मासे, किडे, जीवाणू हे सारे रात्रभर प्राणवायू घेतात आणि कर्बवायू सोडतात. कर्बवायू पाण्यात मिसळला की पाण्याचा सामू उतरतो. टाकीत सायंकाळी ८.३ असणारा सामू पहाटे ८.० च्या आसपास येतो. अनुभवी लोक यावर एक चांगली युक्ती करतात. मुख्य टाकीला जोडून खाली एक लहान टाकी ठेवतात, तीत समुद्री शेवाळ वाढवतात आणि तिचा दिवा रात्री लावतात. वर रात्र तेव्हा खाली दिवस! वरच्यांनी सोडलेला कर्बवायू खालचे शेवाळ वापरते.

पाण्यात प्राणवायू मुळातच किती थोडा असतो हे ध्यानात घ्यावे. आपण श्वास घेतो त्या एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. २८ अंश तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात आठ मिलिग्रॅमसुद्धा मावत नाही आणि खाऱ्या पाण्यात तर साडेसहाच्या आतच. एवढ्या शिदोरीवर रात्र काढावयाची असते.

समुद्रातल्या जीवांनी यावर आपापल्या परीने उपाय काढले आहेत. तांबड्या समुद्रात एक लहान मासा फांद्यांच्या प्रवाळात रात्री झोपतो. इस्रायलच्या शास्त्रज्ञांनी २००४ साली दाखवून दिले की तो झोपेतही पंख जोरात हलवीत राहतो आणि त्यामुळे फांद्यांच्या आतले कोंडलेले पाणी खेळते राहून प्रवाळाला प्राणवायू मिळतो. जॉर्डनमधील अकाबा येथे क्लाऊन माशांवरही असेच काम झाले व २०१३ साली प्रसिद्ध झाले. हा नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा मासा समुद्रफुलाच्या विषारी मिशांत राहतो हे पुष्कळांना ठाऊक असते. रात्री तो त्या मिशांत वळवळत राहतो, आणि दोघे एकत्र असताना, वेगवेगळे असण्यापेक्षा, जास्त प्राणवायू घेऊ शकतात. यजमानाने रक्षण करावे आणि पाहुण्याने रात्रभर पंखा हलवावा असा हा करार.

आपल्या शेततळ्यात हा पंखा हलवणारा कोणी नसतो. काही वर्षांपूर्वी माझ्या कार्यक्षेत्रातील एका गावात वीस गुंठ्यांच्या तळ्यात कटला, रोहू, मृगळ चांगले किलो-किलोचे झाले होते. चार दिवस आभाळ दाटून राहिले. पाचव्या दिवशी पहाटे मालकीण शेण काढायला उठली तर मासे पाण्यावर तोंडे काढून आ वासत होते. सात वाजेपर्यंत पांढरी पोटे वर तरंगू लागली. भाऊबंदांत जुना वाद होता. "विष टाकले" अशी बोंब उठली, प्रकरण पोलीस पाटलापर्यंत गेले आणि दोन घरांतले बोलणे बंद झाले.

मी गेलो तेव्हा काठावरचे बेडूक उड्या मारीत होते, पाण्यातले किडे जिवंत होते, बोटाएवढी पिले मजेत होती. मेले होते ते मोठे मासे. विष असते तर त्याने लहानमोठे पाहिले नसते. दुसऱ्या दिवशी ऊन पडले. मत्स्यव्यवसाय खात्यातल्या मित्राने दुपारी तीनला पाण्यात मीटर लावला तेव्हा प्राणवायू नऊ मिलिग्रॅमच्या वर होता. पुढच्या पहाटे पाचला त्याच जागी दीड. आम्ही दोन्ही घरच्या कर्त्या माणसांना पहाटे मुद्दाम काठावर बोलावले होते. मीटरचा काटा दोघांनी वाकून पाहिला. धाकटा म्हणाला, "म्हणजे पाण्याचाच दम कोंडला व्हय!" थोरल्याने काही न बोलता त्याच्यापुढे तंबाखूची चंची धरली.

तेव्हा ज्यांच्याकडे तळे आहे त्यांनी एवढे करावे. हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवून तळवा पाहावा. वीतभर पाण्यातच तळवा दिसेनासा झाला तर पाणी फार हिरवे झाले आहे. खत आणि शेण टाकणे थांबवावे. आभाळ आले की खाद्यही कमी करावे. पहाटे तीन-चारच्या सुमारास तळ्याचेच पाणी पंपाने उचलून फवाऱ्यासारखे परत सोडावे. बोअरचे पाणी सोडणार असाल तर तेही उंचावरून, पत्र्यावर आपटून सोडावे. कारण जमिनीतून आलेल्या पाण्यात प्राणवायू फारच थोडा असतो. मासे पहाटे तोंडे वर काढू लागले तर उन्हाची वाट पाहत बसू नये. कार्प माशांना निदान पाच मिलिग्रॅम असावा; तीनच्या खाली गेले की धोका सुरू होतो. भाचा तर टाकीसाठी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप नेहमी भरून ठेवतो, कारण रात्री वीज गेली की त्याचे घड्याळ सुरू होते.

पौर्णिमेनंतरच्या रात्री

रात्रीच्या या कारभारातला सर्वांत नवलाचा भाग तिथीशी बांधलेला आहे. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास पौर्णिमेनंतरच्या काही रात्री, आपल्या हिशेबाने वद्य चतुर्थी-पंचमीच्या आसपास, अंधार पडल्यावर अनेक जातींचे प्रवाळ एकाच वेळी अंडी व बीज पाण्यात सोडतात. गुलाबी मोहरीचे दाणे उलटे वर पडावेत तसे ते दिसते. जागेवरून हलू न शकणाऱ्या जीवांची गाठ पडण्याचा तोच एक मार्ग. एकाच रात्री इतके खाद्य पाण्यात आले की खाणारेही पुरे पडत नाहीत. हा प्रकार इतका मोठा असूनही शास्त्रज्ञांच्या नजरेस तो १९८० नंतरच पडला आणि १९८४ साली जगापुढे आला, कारण त्यापूर्वी भर रात्री तेथे बुडी मारून पाहणारेच थोडे होते. पुढे लंडनच्या हॉर्निमन म्युझियममध्ये जेमी क्रॅग्ज यांनी टाकीवर ऋतूंप्रमाणे बदलणारे तापमान, सूर्योदय-सूर्यास्त आणि चंद्राच्या कलांप्रमाणे वाढणारा-घटणारा दिवा यांची योजना केली. २०१३ साली समुद्रापासून दूर, बंद खोलीत प्रवाळाने ठरलेल्या रात्री अंडी सोडली. छतावरचा चंद्र विजेचा होता, तरी तिथी चुकली नाही.

भाच्याकडे प्रवाळाची अंडी नाहीत, पण क्लाऊन माशांची जोडी आहे. या जातीत मादी मोठी आणि घरात तिचेच चालते. टाकीत समुद्रफूल नाही म्हणून जोडीने मातीच्या एका लहान कुंडीत संसार मांडला आहे. मादी कुंडीच्या आतल्या बाजूस नारिंगी अंडी चिकटवते आणि नर रात्रंदिवस पंखांनी त्यांना वारा घालतो, खराब झालेली वेचून काढतो. आठ-दहा दिवसांनी अंड्यांतून चंदेरी डोळे दिसू लागतात. फुटण्याची वेळ नेमकी रात्रीची, दिवे गेल्यावर तास-दोन तासांनी, जेव्हा दिवसाचे खाणारे झोपलेले असतात. उजेड चालू ठेवला तर त्या रात्री ती फुटतच नाहीत. मंडपम् आणि विझिंजम येथे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊन माशांची पैदास साधली आहे आणि आपल्याकडे ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही त्यांच्या उबवणीचे काम झाले आहे. किनाऱ्यालगतच्या ज्या घरांत तरुण मुलेमुली रिकामी आहेत त्यांनी तेथे जाऊन पाहण्यासारखे आहे.

माझ्या मुक्कामाच्या चौथ्या रात्री भाच्याने कुंडी अलगद उचलून दुसऱ्या काळ्या भांड्यात ठेवली आणि खाली हवेचे बारीक बुडबुडे सोडले. बहिणीने स्वयंपाकघरातला दिवाही मालवला. साडेनऊच्या सुमारास विजेरी एका कोपऱ्यावर धरली तेव्हा त्या उजेडाकडे तिळाहून लहान, नुसते डोळे आणि शेपटी असे दोन-अडीचशे जीव गोळा झाले होते. त्यांच्या अंगावर पांढरे पट्टे यायला अजून दहा-बारा दिवस लागणार होते.